कंपायलर परीक्षेला येत नाही

परीक्षा जवळ आली की मुलं मला दोनच प्रश्न विचारतात. कुठले टॉपिक येणार? आणि मागच्या पेपरांची सोडवलेली उत्तरं आहेत का? पहिल्याचं उत्तर मला माहीत नसतं. उत्तरं असतात, पण मी देत नाही. संगणकशास्त्रात पीएचडी करता करता मी अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीची रीत) आणि ऑपरेटिंग सिस्टिमची ट्युटोरियल्स घेते, पेपरही तपासते. कोण नुसती उत्तरं वाचून आलंय ते दुसऱ्या पानावरच कळतं. व्याख्या शब्दशः बरोबर, आकृती सुबक; उदाहरणातले आकडे बदलले की मात्र पुढे सगळं कोरं.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, हीच गोची आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांमध्ये मात्र, उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. आपल्या विषयात भर म्हणजे वर्षभर चुका कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, दाखवतो. परीक्षेत तो नसतो, आणि चूक झालीय हे सांगायलाही कोणी नसतं.

म्हणून कोरा कागद घ्या आणि इनपुट एवढंसं ठेवा. क्विकसॉर्टचा, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या अल्गोरिदमचा, कोड पाठ करू नका. १, २, ३, ४, ५ हा आधीच लावलेला अ‍ॅरे घ्या, शेवटचा घटक पिव्हट (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो) धरा आणि हाताने चालवा. तुलना होतात ४ + ३ + २ + १, म्हणजे १०. वर्स्ट केसला, म्हणजे सर्वात वाईट परिस्थितीत, एन घटकांसाठीच्या तुलना एन वर्गाच्या प्रमाणात का वाढतात, हे मग कोणी सांगावं लागत नाही.

माझा खरा आग्रह याच्या पुढचा आहे: प्रत्येक अल्गोरिदम कुठे मोडतो, याचं एक उदाहरण स्वतः तयार करा. डायक्स्ट्राच्या सर्वात जवळची वाट शोधणाऱ्या अल्गोरिदमला ऋण वजन (वाटेवरचं शून्याहून कमी अंतर) चालत नाही, हे वाक्य सगळेच लिहितात. तीन नोड (बिंदू) काढा. अ पासून ब पर्यंत २, अ पासून क पर्यंत ५, आणि क पासून ब पर्यंत उणे ४. अल्गोरिदम ब ला २ वर पक्का करून मोकळा होतो. खरं अंतर १ आहे. एवढं रेखाटलंत की पुढची दोन पानं वाचायची गरज उरत नाही. (खुद्द डायक्स्ट्राने तो अल्गोरिदम १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय रचला होता. तो डायक्स्ट्रा होता. आपण कागद घ्यावा.)

पेज रिप्लेसमेंटमध्ये, म्हणजे मेमरी भरल्यावर कुठलं पेज (माहितीचा तुकडा) बाहेर काढायचं हे ठरवण्यात, तर मजाच आहे. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पेज मागा आणि फिफोने (आधी आलेलं आधी बाहेर) चालवा. ३ फ्रेमना (मेमरीतल्या जागांना) ९ पेज फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नसणं) येतात, ४ फ्रेमना १०. मेमरी वाढवली आणि फॉल्टही वाढले! बेलाडीची विसंगती ती हीच. हे कोष्टक हाताने भरलेला विद्यार्थी ती विसरल्याचं मी पाहिलेलं नाही.

प्रश्न धडावार सोडवू नका. 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' (छोट्या उपप्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) या मथळ्याखालचा प्रश्न अर्धा आधीच सुटलेला असतो. पेपरात मथळे नसतात. ग्रीडी, म्हणजे दर पायरीला त्या क्षणी सर्वात चांगलं ते उचलणं, चालेल की नाही हे तुम्हालाच ठरवायचं असतं, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. म्हणून चार धड्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, उचला.

सिद्धतांबद्दल एकच सांगते, कारण गुण तिथेच सर्वात जास्त सांडतात. नवा प्रश्न एनपी-हार्ड (झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेल्या अवघड वर्गातला) दाखवायचा तर आधीपासून अवघड ठरलेला प्रश्न नव्या प्रश्नात रूपांतरित करायचा. उलट केलंत, तर नवा प्रश्न त्या अवघड प्रश्नापेक्षा अवघड नाही एवढंच सिद्ध होतं, आणि ते कोणी विचारलेलंच नसतं. रिडक्शन, म्हणजे हे रूपांतर, लिहिण्याआधी बाणाची दिशा समासात काढून ठेवा. मी तपासताना आधी तो बाण बघते, मग बाकीचं.