छोट्या तळ्यात कोणते मासे सोडू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘बागेत चार बाय तीन फुटांचं तळं केलंय, मासे कोणते सोडू?’ असं कुणी विचारलं की मी आधी खोली विचारतो आणि समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. टाळत नाही. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. तेवढे लिटर पाणी. दीड फूट खोली असेल तर तुमच्या तळ्यात जेमतेम 500 लिटर आहे आणि उत्तर त्या आकड्यातूनच निघतं.

कोई कार्प हा रंगीत मासा सोडू नका. बोटाएवढा आणलेला कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. ‘तळं लहान असलं की मासाही लहानच राहतो’ हे मला पुन्हा ऐकवू नका. वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे, आणि असा मासा फार जगत नाही. शेवाळ खाईल म्हणून आणलेला प्लेको मासाही दीड फुटाचा होतो. गोल्डफिश दोन, तेही फिल्टर असेल तरच.

इतकं सांगूनही बहुतेक जण तळं भरलं त्याच दिवशी आठ-दहा गोल्डफिश सोडतात. पाणी काचेसारखं असतं, मासे खातात, सगळे खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात. कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात, आतली कड लालभडक दिसते. लोकांना वाटतं भूक लागली आहे, म्हणून ते आणखी खाद्य टाकतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते, आणि तो पचवणारे जिवाणू नव्या तळ्यात अजून वसलेलेच नसतात. ते दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं. दुपारी ऊन आणि शेवाळ मिळून पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, चढवतात, तेव्हा तोच अमोनिया जास्त जहरी होतो. एक मासा आडवा तरंगताना दिसला की घाबरून सगळं पाणी उपसतात आणि नळाचं ताजं पाणी भरतात. त्यातल्या क्लोरिनने उरलेले जातात. मग मला विचारतात, ‘मासे रोगट होते का?’ नव्हते हो.

त्यापेक्षा आधी पाणवनस्पती लावा, मासे नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे ते कुजून जिवाणू वसतील, आणि पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा. मग मासे थोडे थोडे सोडा. पाणी बदलताना एका वेळी पाचवा हिस्साच बदला, तोही क्लोरिन काढून. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच.

पूर्वी मी सरळ सांगायचो, ‘गप्पी सोडा, डास जातील.’ डासांच्या अळ्या गप्पी खातात, ते आजही खोटं नाही. पण मादी दर महिन्याला पिल्लं देते, आणि एकदाच नराबरोबर राहिलेली मादी पुढे कित्येक महिने एकटीही पिल्लं देत राहते. म्हणून आठ-दहा नरच आणा, आणि पाणी 18 अंशांखाली उतरत असेल तर तेही नकोत. जास्त झालेले मासे ओढ्यात, नदीत सोडू नका. बाहेरचा मासा तिथे काय उच्छाद मांडतो ते डासांसाठीच सोडलेल्या गंबुसिया या माशाने जगभर दाखवलंय.

आणि तेच गप्पी बेडकाची अंडी, नुकतेच सुटलेले बेडूकमासे टिपतात. मासे नसलेल्या तळ्यात चतुर आणि टाचण्या हे उडते कीटक अंडी घालतात, त्यांच्या अळ्याही डासांच्या अळ्यांवर तुटून पडतात, फक्त त्यांना जम बसवायला वेळ लागतो. तोवर डास होतातच, हे कबूल. त्यामुळे 500 लिटरमध्ये नर गप्पी की मासेच नकोत, यावर माझं मत अजून डळमळतं. बेडूक हवे असतील तर एक काठ उतरता ठेवा, दगड पाण्यात उतरत जातील असे रचा. सरळ भिंतींच्या तळ्यात पडलेल्या छोट्या बेडकाला बाहेर येता येत नाही. मासे आणि बेडूक दोन्ही हवे असतील, तर बिनमाशांची दुसरी कुंडी मातीत बसवा, फूटभर खोल पुरे.