दोन शिपाई, मध्ये ध्वज किती?

काल दुपारी दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर ते झिजलेलं रोमन नाणं घेऊन बसलो ते ऊन उतरेपर्यंत. चेहरा पार सपाट, नाव गेलेलं, मग मागची बाजू धरली, कारण उशिराच्या ब्राँझ नाण्यांत खरी ओळख बऱ्याचदा तिथेच सापडते. मोबाईलचा टॉर्च वरून नाही हं, अगदी आडवा धरायचा, मग सावल्या पडतात आणि अक्षरं हळूहळू वर येतात. भाले घेतलेले दोन शिपाई दिसले, म्हणजे 'ग्लोरिया एक्झर्सिटस' या लॅटिन अक्षरांचं, सैन्याचा गौरव सांगणारं, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं नाणं. मध्ये ध्वज दोन असतील तर साधारण इ.स. 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरचं, जरा लहान. माझ्यात दोन निघाले! तळाशी रेघेखाली 'एसएमएएन', म्हणजे टांकसाळ अँटिओक या प्राचीन शहराची.. इतका आनंद झाला की जिन्यातूनच आईला हाक मारली.

आई म्हणाली, "अरे चिंच लाव, लख्ख होईल."

आई गं, नको! तो हिरवट-काळा थर गेला की उरलेली अक्षरंही जातील. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवलंय. मग पुढच्या चेहऱ्याच्या डोक्यावर रत्नांचा पट्टा दिसला तर बहुतेक स्वतः कॉन्स्टंटाइन, नुसता पानांचा मुकुट असेल तर त्याच्या मुलांपैकी कोणीतरी.