यकृत डावीकडे

‘अभियांत्रिकी चांगली, नावीन्य अपुरे.’ वैद्यकीय प्रतिमांवरच्या एका परिषदेने आमच्या सॉफ्टवेअरवरचा शोधनिबंध एवढ्यावर परत केला होता. तिन्ही परीक्षकांच्या अभिप्रायात कोड चालवून पाहिल्याची खूण नव्हती. परीक्षण दुहेरी अनामिक, म्हणजे लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून गुप्त; त्यामुळे लायसन्सच्या फाईलमधली स्वतःची नावं खोडून, कमिटचा इतिहास (कोडमध्ये कुणी, कधी बदल केले याची नोंद) वगळून झिप जोडण्यात माझी एक आख्खी रात्र गेली होती. तेव्हा राग आला होता, हे कबूल करतो.

मग तेच सॉफ्टवेअर ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’कडे पाठवलं. २०१६ साली सुरू झालेल्या या नियतकालिकात निबंध छोटासाच लागतो, तपासलं जातं ते सॉफ्टवेअर. तेही गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, सगळ्यांसमोर. परीक्षक इन्स्टॉल करतात, कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट आहेत का बघतात, कागदपत्रं वाचतात आणि यादीतल्या चौकटींवर खुणा करत जातात.

त्या सकाळी बऱ्याच चौकटी भरलेल्या दिसल्या. खाली एक प्रश्न होता: ‘आकृती २ मध्ये यकृत डावीकडे का आहे?’

मी जरा शिष्टपणेच उत्तर लिहायला घेतलं. पडद्याची डावी बाजू ही रुग्णाची उजवी असते, हा रेडिऑलॉजीचा संकेत, वगैरे. अर्ध्या वाक्यावर आकृती उघडली. पडद्यावर डावीकडे ‘आर’ (रुग्णाची उजवी), उजवीकडे ‘एल’ (रुग्णाची डावी). संकेत पाळलेला होता. शरीरात उजवीकडे असणारं यकृत मात्र ‘एल’च्या बाजूला.

डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपात एक्स अक्ष रुग्णाच्या डावीकडे आणि वाय पाठीकडे वाढतो. थ्रीडी स्लायसर या प्रतिमा पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे आणि पुढे. म्हणजे एकातून दुसऱ्यात नेताना दोन्ही अक्षांची चिन्हं उलटायला हवीत. आम्ही फक्त वायचं उलटलं होतं. टेस्ट? सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कारण आम्ही गाठीचं आकारमान तपासत होतो, आणि आरशात आकारमान बदलत नाही. त्यात चाचणीचा फँटम, म्हणजे रुग्णाऐवजी वापरायचा नमुना, दोन्ही बाजूंनी सारखा! हीच आकृती परिषदेच्या निबंधातही होती. तिथे कुणाला दिसली नाही. आम्हाला तर दीड वर्ष दिसली नव्हती.

दुरुस्ती एका वजा चिन्हाची. एका कोपऱ्यातच ठिपका असलेला फँटम टेस्टमध्ये घातला, तो जुन्या कोडवर आधी लाल झालेला पाहिला, मग नवी आवृत्ती काढली. परीक्षकाला आभाराच्या दोन ओळी लिहिल्या.

राहिले ते आमचं सॉफ्टवेअर संशोधनात वापरणारे दोन गट. त्यांना पाठवायच्या ईमेलचा विषय काय लिहावा, यातच अर्धा तास गेला.