गोधडीवर आळ

आमच्या बिल्डिंगचा सुपर, म्हणजे वॉचमन, प्लंबर आणि सोसायटीचा सेक्रेटरी अशी तीन माणसं एकात, गेल्या जुलैत आमच्या बेडरूममध्ये टॉर्च घेऊन उभा होता. गादी उचलली, शिवणींवर उजेड मारला, "हं" म्हणाला. मग पायथ्याशी घडी करून ठेवलेली आजीची गोधडी त्यानं दोन बोटांच्या चिमटीत धरली. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात ना, तशी. आणि विचारलं, "इंडियाहून कधी आलात?"

मे महिन्यात आम्ही सांगलीला गेलो होतो हे खरं. गोधडी तिथूनच आणली हेही खरं. पण त्या चिमटीनं माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून पुरती उतरलेली नाही. आज लिहायला बसलोय तो त्याच तिडिकीत, तेव्हा सांभाळून घ्या.

तर आम्हाला ढेकूण झाले. न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समध्ये, चौथ्या मजल्यावर, पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालून.

सुरुवात बायकोच्या दंडापासून झाली. एका ओळीत तीन गांध्या. मला काहीच नव्हतं, त्यामुळे मी आठवडाभर डास, साबण, उन्हाळा असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. नंतर कळलं की ढेकूण दोघांनाही सारखेच चावत होते, फक्त माझ्या अंगावर उमटत नव्हतं. काही माणसांच्या कातडीला त्याचं काही वाटतच नाही. "तुझ्या कातडीबद्दल मला वेगळं सांगायला नको," ही बायकोची त्यावरची टिप्पणी.

मग एका पहाटे चादरीच्या कोपऱ्यात तो दिसला. सफरचंदाच्या बी एवढा, चपटा, तांबूस. तीस वर्षांनी गाठ पडली, पण ओळख पटायला अर्धा सेकंदही लागला नाही. बोटानं दाबला आणि तो वास आला. खोलीत एकदम सांगलीच्या गावभागातला आमचा वाडाच उभा राहिला.

इथं घर भाड्यानं घेताना एक कागद देतात. गेल्या वर्षभरात या घरात, या इमारतीत ढेकूण झाले होते का, कुठल्या मजल्यावर, उपाय केला का, हे घरमालकानं नव्या भाडेकरूला लिहून द्यायचं. 2010 पासून तसा कायदाच आहे. शिवाय 2017 च्या कायद्यानं मालकांना दरवर्षी शहराकडे ढेकणांचा हिशोब द्यावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. घर घेतलं तेव्हा मी त्या कागदाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. 'बघा, याला म्हणतात सरकार,' वगैरे. काकांनी लगेच अंगठा दाखवला. आईनं फक्त विचारलं होतं, "म्हणजे तिथं ढेकूण आहेत होय रे?"

मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

कायदा चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. औषध मारायचा खर्च घरमालकाचा, तक्रारीवरून शहरानं नोटीस काढली की तीस दिवसांत निकाल लावायचा, गादी फेकायची तर प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करूनच, नाहीतर शंभर डॉलर दंड. कागदोपत्री ढेकणाला इथं जेवढा मान आहे तेवढा आपल्याकडं नगरसेवकालाही नसेल. आणि आता पुढच्या भाडेकरूला मिळेल त्या कागदावर आमचा मजला असणार. सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही, आणि मी ढेकणांपायी सरकारी दप्तरात गेलो.

पण माणसं? लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. औषधवाल्यानं सांगितलं की ढेकूण भिंतीतल्या फटींतून, पाइपांच्या भोकांतून शेजारी जातात, तेव्हा दोन्ही बाजूची आणि वरखालची घरं तपासायला हवीत. डावीकडच्यानं तीन वेळा दार उघडलं नाही. उजवीकडच्या बाईनं दाराच्या फटीतूनच सांगितलं, "आमच्याकडे असलं काही नसतं." तिच्या दंडावर मला गांध्या दिसल्या होत्या. मी काही बोललो नाही. बोलून काय सांगणार?

आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं होती आणि ढेकूण ही पाचांची सामायिक मालमत्ता. मे महिन्यात एक दिवस ठरायचा. सकाळी नऊ-साडेनऊला सगळ्यांच्या लोखंडी कॉटा, लाकडी पलंग, बाजा अंगणात यायच्या. आजी चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवायची आणि चहाच्या किटलीतून उकळतं पाणी कॉटच्या सांध्यासांध्यात सोडायची. तिची धार इतकी बारीक की दिव्यात तेल घालतेय असं वाटावं. नवारीच्या पट्ट्या सोडून, झटकून उन्हात टाकायच्या. दाते काकू डोक्यातली पिन काढून पलंगाच्या फटी टोकरायच्या. पोरांचं काम, बाज फरशीवर दणकन आपटायची आणि खाली पडतील त्यांचा खडीच्या दगडानं निकाल लावायचा. मोजून. माझा विक्रम अठ्ठ्याऐंशीचा. संध्याकाळी नदीवर जायचं, कृष्णेत डुंबून यायचं, आणि रात्री गच्चीवर तापलेल्या गाद्यांवर झोपायचं. त्या गाद्यांचा ऊबट वास मला इथं कुठल्याही दुकानात मिळालेला नाही.

लाज कुणालाच नव्हती. "तुमच्याकडं झालेत काय?" "झालेत की. तुमच्याकडं?" आपली भाषाच बघा. ढेकूण होतात. गोवर होतो, पाऊस होतो, तसे. कुणी आणले असं कुणी विचारत नाही. शाळेत संस्कृतच्या सरांनी एक सुभाषित शिकवलं होतं, लक्ष्मी कमळावर झोपते, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात, ते बहुधा ढेकणांच्या धास्तीनंच. देवादिकांची ही कथा, तिथं गावभागाचं काय घेऊन बसलात! इथं मात्र पहिला प्रश्न: इंडियाहून कधी आलात?

हे मी आईला फोनवर रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "आणि दिवाळीला परत हजर असायचे ते का सांगत नाहीस? उन्हात बाज टाकली की निम्मे सावलीच्या अंगाला जाऊन बसायचे. आजी मरेपर्यंत किटली घेऊन फिरली, ढेकूण काही मेले नाहीत."

तिचंही बरोबर आहे. अंडी फटीत चिकटलेली असतात, आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, आणि मोठे ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढतात. औषधाला हे बधत नाहीत हेही जुनंच. मलेरियाचे फवारणीवाले यायचे, भिंतीवर डीडीटी मारून तारीख लिहून जायचे. पहिल्या वर्षी ढेकूणही मेले म्हणून आजी खूश होती म्हणे. पुढं डास मरायचे आणि ढेकूण ताजेतवाने होऊन बाहेर यायचे. मग तिनं फवारणीवाल्यांना उंबऱ्याच्या आत घेणंच बंद केलं. मला तो आजीचा अडाणीपणा वाटायचा. इथं वाचलं की हवाईतल्या नौदलाच्या बराकीत 1947 मध्येच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. अमेरिकन आरमाराला जे कळलं ते आजीला गावभागात बसून कळलं, एवढंच मला म्हणायचंय.

मग आमची सहा आठवड्यांची साडेसाती सुरू झाली. कपाटातला कपडा न् कपडा तळघरातल्या ड्रायरमध्ये फुल गरमीवर अर्धा तास, आणि तिथून थेट सीलबंद पिशवीत. घरात चाळीस पारदर्शक पिशव्या. ऑफिसला जाताना पिशवी उघडायची, शर्ट काढायचा, पिशवी बंद. मोजे एका पिशवीत जोडीनं असले तर तो दिवस चांगला. मुलीचं दप्तर, टेडी, गणपतीच्या आरासाचा पडदा, सगळं गरगर फिरून आलं. रेशमी साड्यांना ड्रायर चालेना, तेव्हा बायकोनं लग्नातली पैठणी पिशवीत घालून उणे अठराच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवली, एका बाजूला खोवलेला नारळ आणि दुसऱ्या बाजूला गोठवलेली मेथी. मुलगी आइस्क्रीम काढायला गेली आणि ओरडली, "आई, तुझी साडी थंडीनं कडक झालीय!"

श्रावणात न्यू जर्सीत एडिसनला मित्राकडं सत्यनारायण होता. आम्ही गेलो नाही. कणकण आहे म्हणून कळवलं. सांगितलं असतं तर त्यांनी या म्हटलं नसतं आणि नका येऊ असंही म्हणता आलं नसतं, मग कशाला लोकांना पेचात टाका? शिवाय तो मित्र साताऱ्याचा. साताऱ्यापर्यंत बातमी गेली की सांगलीला पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

या सगळ्यात गोधडीचा विषय माझ्या मनातून जाईना. सुपरनं औषधवाल्याला सांगून ठेवलं होतं, "सोर्स ती रजई आहे." रजई! आजीच्या दोन इरकली नऊवाऱ्या, आजोबांच्या धोतराचं अस्तर, एका कोपऱ्याला खणाचा तुकडा आणि त्यावर हातानं घातलेले हजारो धावदोरे. आईनं मे महिन्यात दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकून मग बॅगेत भरली होती. तिच्यात ढेकूण? मी पुरावा गोळा करायचं ठरवलं.

औषधवाल्यानं पलंगाच्या पायांखाली प्लास्टिकच्या वाट्या ठेवल्या होत्या. दुहेरी कड, आतून गुळगुळीत. ढेकूण उतरतो किंवा चढू बघतो, आणि वाटीत अडकतो. इथं त्या चार-चारच्या पाकिटात विकत मिळतात. आमच्याकडं पितळी वाट्यांत पाणी घालून कॉटच्या पायांखाली ठेवत, फुकट. असो. त्या वाट्यांमध्ये तिसऱ्या दिवशी पाच ढेकूण सापडले. चिकटपट्टीवर घेतले, मुलीच्या शाळेच्या प्रयोगाचं भिंग आणलं आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात बसलो.

ढेकणांच्या मुख्यतः दोन जाती माणसाला चावतात. थंड मुलखातला सिमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि उष्ण मुलखातला सिमेक्स हेमिप्टेरस. आपल्याकडं बहुतकरून दुसरा. फरक डोक्यामागच्या कॉलरीत. अमेरिकन ढेकणाची कॉलर रुंद, दोन्ही टोकं डोक्याच्या बाजूंनी पुढं आलेली, आपल्याची अरुंद. आणि दुसरा फरक तर ऐकाच: उष्ण मुलखातल्याच्या पायांवर चिकटून धरणारे केस जास्त असतात, त्यामुळे या गुळगुळीत वाट्यांतून तो बऱ्याचदा चढून बाहेर येतो. म्हणजे इथल्या ढेकणासाठी केलेला सापळा आपल्या ढेकणाला पुरत नाही. पॅरिसला 2023 मध्ये ढेकणांवरून केवढा हलकल्लोळ झाला होता, त्यात हे किती होते कोण जाणे! मला त्या क्षणी छाती जरा फुगल्यासारखी झाली. कशाबद्दल, ते विचारू नका.

माझे पाचही वाटीत बसून होते. पाचांचीही कॉलर रुंद. मी मोबाइलनं भिंगातून फोटो काढले, बायकोला उठवलं आणि म्हटलं, "बघ! अमेरिकन आहेत. शंभर टक्के. गोधडी निर्दोष!"

तिनं डोळे चोळत फोटो बघितले. मग म्हणाली, "मग ती खुर्ची?"

खुर्चीचं मी वर लिहिलं नाही हे माझ्या आत्ता लक्षात आलं. जूनच्या शेवटी इथं लोक घरं बदलतात आणि फुटपाथवर चांगलं चांगलं सामान ठेवून जातात. तिथून मी एक खुर्ची उचलून आणली होती. गडद लाकूड, वेताची पाठ, मखमली बैठक. फुकट. कोपऱ्यावरून चार मजले लिफ्टनं आणली आणि बेडरूममध्ये खिडकीशी ठेवली. अशी खुर्ची घ्यायला गेलो तर दुकानात तीनशे डॉलर तरी सांगतील, आणि बघून तर कुणालाही ती स्वच्छच वाटली असती. तपासली नव्हती असंही नाही. वरून हात फिरवला होता.

"ढेकूण झाले नाहीत," बायको म्हणाली, "तू आणलेस." आणि कूस बदलून झोपली.

खुर्ची उलटी केली. बैठकीखालच्या कापडाच्या शिवणीवर शाईचे बारीक ठिपके ओघळावेत तसे काळे डाग, रिकामी फिकट टरफलं, आणि एका खिळ्याच्या आडोशाला खसखशीएवढी पांढरी अंडी. आजीनं किटली आणली असती तर पहिली धार इथं सोडली असती. नंतर माझ्या डोक्यावर.

सुपरला मी दुसऱ्या दिवशी फोटो दाखवले. कॉलर समजावून सांगितली. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, मग आले कुठून? मी म्हटलं, जुनी बिल्डिंग आहे, पाइपमधून आले असतील. हे तसं अशक्य नाही. उजवीकडच्या बाईचे दंड मी स्वतः पाहिलेत.

गोधडी ड्रायरमधून दोनदा काढली. एका कोपऱ्याचे धावदोरे सुटलेत, आईला व्हिडिओवर विचारून मीच ते घालणार आहे. रात्री ती अंगावर घेतली तर गच्चीवरच्या गादीचा तो ऊबट वास आला, थोडासा, ड्रायरच्या साबणी वासाखालून.

खुर्ची त्याच रात्री काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेप मारून, खाली नेऊन ठेवली. इथल्या रीतीप्रमाणे वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, बेडबग्ज. दोन पावलं चालून परत आलो आणि खाली मराठीतही लिहिलं: ढेकूण. देशी लोकांचं जॅक्सन हाइट्स इथून चार गल्ल्यांवर आहे, आणि अशी खुर्ची फुकट दिसली की आपला माणूस टेप फोडून बघतोच.