प्रशालेत व्यवसाय शिक्षण सुरू करताना : माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्रशालेत मी विज्ञान शिकवतो. शालेय शिक्षणाच्या सरकारी समग्र शिक्षा योजनेतून नववी-दहावीला मल्टी स्किल हा वेगवेगळी हातकौशल्ये शिकवणारा व्यवसाय विषय आमच्याकडे सुरू व्हावा, म्हणून मुख्याध्यापकांनी प्रस्तावाचे काम माझ्याकडे सोपवले. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, यू-डायस क्रमांकासह (शाळेच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) शाळेची माहिती, पटसंख्या आणि कार्यशाळेसाठी स्वतंत्र खोली असल्याचा दाखला अशी कागदपत्रे गटशिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत जिल्ह्याला गेली आणि यथावकाश मंजुरी आली. कस लागला तो त्यानंतर.

हा विषय आमच्याकडे हिंदीऐवजी घ्यायचा होता, त्यामुळे पालकसभेत पहिला प्रश्न आला, “सर, हिंदी सोडल्यावर लेकराचं पुढं काही अडंल का?” दहावीच्या गुणपत्रिकेत या विषयाचे गुण इतर विषयांसारखेच येतात आणि अकरावी, आयटीआय किंवा तंत्रनिकेतन यांपैकी कोणतीही वाट त्यामुळे बंद होत नाही, हे मी घरोघरी जाऊन समजावले. हाताचे काम ही अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय आहे, हा समज मात्र काही शिक्षकांच्याही मनात होता आणि तो मला अधिक घातक वाटतो. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून काम करता करता शिकण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात विज्ञान आणि हातकाम वेगळे नव्हतेच. आमच्याकडेही नववीच्या एका मुलीने वायर सोलून फेज स्विचमधून आणि न्यूट्रल थेट होल्डरला नेली, दिवा लागला, आणि मग “सर, न्यूट्रलवर स्विच बसवला तर काय बिघडतं?” असे विचारले, तेव्हा विद्युत परिपथाचा धडा त्या दिवशी वर्गाला जितका कळला, तितका फळ्यावरून कधी कळला नव्हता.

सर्वांत मोठी अडचण वेळेची होती. प्रात्यक्षिके शाळा सुटल्यावर घ्यावीत, अशी सूचना आली. आमच्या निम्म्याहून अधिक मुली वाड्या-तांड्यांवरून मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी चालणाऱ्या निळ्या बसने येतात आणि ती बस शाळा सुटताच निघते; म्हणजे ज्यांच्यासाठी हा विषय आणला, त्याच बाहेर राहिल्या असत्या. म्हणून दुपारच्या सुट्टीनंतरचे दोन तास जोडून प्रात्यक्षिकाला दिले आणि त्यासाठी इतर विषयांचे वेळापत्रक नव्याने बसवावे लागले. प्रशिक्षक कंत्राटी आहेत आणि त्यांचे मानधन अनेकदा रखडते. तरीही ते टिकून आहेत, हे त्यांचे मोठेपण असले तरी व्यवस्थेने त्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

आमच्याकडे अकरावी नाही आणि तालुक्यातील जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय पुढे शिकवला जात नाही. तिथे तो सुरू व्हावा, यासाठी पालकांच्या सह्यांचे निवेदन आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिले आहे आणि या वेळी त्याला बसचे वेळापत्रकही जोडले आहे.