खिशातला शंकू

रविवार, रात्री

धुवायला टाकण्याआधी धाकटीच्या जॅकेटचे खिसे बघितले, तर बोटांना तांबूस भुकटी लागली. आत सिकोयाचा शंकू, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या त्या महाकाय झाडांचं बियांचं बोंड. कोंबडीच्या अंड्याएवढा. लॉजपोलला, सिकोया नॅशनल पार्कमधल्या आमच्या मुक्कामावर, उचलला तेव्हा हिरवा आणि गच्च मिटलेला असणार. मग जॅकेट चार दिवस गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात पडून राहिलं आणि तो उघडला. खवल्याखवल्यांत फटी पडल्यात, खिशाची सगळी शिवण बियांनी भरलीय. बी म्हणजे ओट्सची एक पाकळी. मधे बारीक रेघ, दोन्ही बाजूंना कागदासारखा पंख.

तेव्हापासून चित्त लागत नाही. पार्कमधलं काही आणायचं नाही हा नियम आहे, पण सलतंय ते तेवढंच नाही.

हा शंकू झाडावर वीस वीस वर्षं हिरवा, मिटून राहू शकतो. उघडायचा तो मुख्यतः आगीने: खाली वणवा लागतो, गरम हवा शेंड्यापर्यंत चढते, शंकू वाळतात आणि एकदम बी सोडतात. नाहीतर एक भुंग्याची अळी आतून पोखरते, किंवा डग्लस खार तोडून खाली टाकते. खारीला त्या खवल्यांचा गर हवा असतो, बी तिच्या लेखी सांडलवंड. आमचा शंकू खारीनेच पाडला असणार. एकात साधारण २०० बिया, आणि किलोभर भरायला सुमारे दोन लाख लागतात. असल्याच एका बीचं जनरल शर्मन झालं, खोडाच्या आकारमानाने जगातलं सगळ्यात मोठं झाड: उंची ८४ मीटर, बुंध्याचा घेर ३१ मीटर, वय अंदाजे २,२०० वर्षं.

आणि ही माझ्या हॉलमध्ये सांडली.

बी पडून भागत नाही. त्याला उघडी माती लागते. गळलेल्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, आणि काटक्यांचा जाड थर असला, तर कोवळं मूळ मातीपर्यंत पोचायच्या आत वाळतं. छोटी आग तो थर जाळते, वरून उजेडाला वाट करून देते. माणसांनी जवळजवळ शंभर वर्षं प्रत्येक आग विझवली; थर साचला, मधली झाडं दाटली. मग २०२० मध्ये कॅसल नावाची मोठी आग आली. जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १० ते १४ टक्के त्या एका आगीत गेले. पुढच्या वर्षी आणखी ३ ते ५ टक्के. साल ६० सेंटिमीटरपर्यंत जाड, त्यात पेट घेणारी राळ जवळजवळ नाही, तरी गेले, कारण ज्वाळा शेंड्यापर्यंत पोचल्या. २०२१ मध्ये शर्मनच्या बुंध्याला चकचकीत अग्निरोधक कापड गुंडाळावं लागलं होतं. हे सगळं धाकटीला तिथे उभं राहून सांगितलं होतं.

सगळीकडे मीच लक्ष ठेवायचं. तंबूच्या खुंट्या, आईंची औषधं, अस्वलाची पेटी, म्हणजे अस्वलांपासून खाणं वाचवायची मुक्कामावरची पेटी. ती लोखंडी पेटी ४७ इंच लांब, ३३ खोल, २८ उंच, म्हणून निघण्याआधी कूलर टेपने मोजला. बाकरवडी, चहाचा मसाला, टूथपेस्ट, साबण, खोबरेल, अगदी धाकटीची कारसीट, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं आत. नुसतं दार लोटून चालत नाही, कडी बसली का ते ओढून बघावं लागतं. रात्री दोनला उठून मी पुन्हा बघितली. कुणाला वाटलं का, की हिने पण जरा निवांत बसावं? जाऊ दे. एवढं करून एक खिसा राहिला, आणि तोच नेमका.

शर्मनच्या वाटेवर तिचा हात धरून कुंपणाच्या अलीकडे ठेवत होते. मुळं चार मीटरच्या खाली फारशी जात नाहीत, पण आडवी तीस मीटरहून लांब पसरतात, सोटमूळ नसतं. वर सतत पावलं पडली की माती दबते, पाणी मुरत नाही. याच कारणाने जायंट फॉरेस्टमधल्या, म्हणजे शर्मन उभं आहे त्या सिकोयांच्या रानातल्या, २८० च्या वर इमारती काढून टाकल्या. हॉटेल, दुकानं, तंबूंची जागा, सगळं तिथून हललं. म्हणून मुक्काम लॉजपोलला, दोन मैल अलीकडे. वाहनतळापासून शर्मनपर्यंत अर्धा मैल उतार, सुमारे ६० मीटर खाली. जाताना काही वाटत नाही, परतताना ७,००० फुटांवर दम कळतो. मधे बाक आहेत. आई प्रत्येक बाकावर बसल्या. पुढच्या वर्षी त्यांना...

असो. मघाशी बिया एक एक करून बशीत काढल्या. त्र्याऐंशी भरल्या. बाकीच्या गाडीत असतील, किंवा तिथेच पडल्या असतील. परत नेऊन टाकायचं मनात आलं, पण घरची बुरशी आणि कीड त्या मातीत जाऊ शकते. कुंडीत लावायच्या नाहीत, तेही ठरलं. आता हे असंच आहे. शंकू खारीने पाडलेला होता, झाडावरून ओरबाडलेला नव्हता. आणि ज्या बिया तिथे सुटल्या असत्या, त्यांतल्याही बहुतेक सुयांच्या थरावरच वाळल्या असत्या. सहा वर्षांच्या पोरीला तो हिरवा गोळा हातात घट्ट धरावासा वाटला, हे मला समजतं. मलाही वाटलं होतं.

उद्या सकाळी पार्कला फोन करून विचारणार, काय करायचं ते. फोनवर तिला शेजारी बसवणार, रागावणार नाही. बशी ओट्यावर ठेवलीय, शंकू मधोमध. लिहायला बसल्यापासून आणखी तीन सुटल्या.