घागर भरत आल्यासारखा आवाज

मागच्या नोंदीत लायगोची फाईल उतरवून ठेवली, एवढ्यावर थांबलो होतो. या महिन्यात ती उघडली, दोन संध्याकाळी तिच्यात नको तिथं शोधत बसलो, आणि एका रविवारी रात्री शेवटी तिच्यातला आवाज ऐकला. मधल्या एका शनिवारी हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला, जिथं भारतातली लायगो होणार आहे तिथं, जाऊन आलो. माझ्या विज्ञानकथेचा तिसरा खर्डाही अर्ध्यावर आलाय. तिन्हींची नोंद एकत्रच करतोय, कारण वेगवेगळी करायला गेलो तर एकीतलं दुसरीत सांडतंय.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांनी, पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणारी लाट, पकडली. काटकोनातल्या दोन लांब भुजांत लेझर सोडून आरशांमधलं अंतर किती बदलतं ते या वेधशाळा मोजतात. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं, एक ३६ सूर्यांएवढं आणि एक २९ सूर्यांएवढं, एकमेकांत मिसळली. उरलं ते ६२ सूर्यांचं. मधले तीन सूर्य लहरी होऊन निघून गेले. त्या दिवसाचा डेटा सगळ्यांना खुला आहे. माझ्या फाईलमध्ये ३२ सेकंद आहेत, सेकंदाला ४०९६ नोंदी, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. आमच्या ऑफिसातला एखादा सर्व्हर चहा पिऊन येईपर्यंत याहून जास्त ओळी लॉगमध्ये ओततो.

आता चूक सांगतो, कारण या छंदात नवीन येणारा प्रत्येक जण इथं अडकू शकतो. घटनेची वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, ०९:५०:४५, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. फाईलमधली वेळ मात्र जीपीएसची आहे, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले सेकंद. मी रोजच्या सवयीनं युनिक्स टाइम, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, घेतला, त्यातून दोन्हींच्या आरंभातला फरक वजा केला आणि पुढं गेलो. घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला यूटीसीत अधूनमधून लीप सेकंद घालतात, जीपीएस ते पाळत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात हा फरक १७ सेकंदांचा होता. मी १७ सेकंद आधीच्या क्षणी जाऊन उभा होतो, आणि तो क्षण फाईल सुरू व्हायच्याही आधीचा होता.

मग एरर का आला नाही? मी कोड लिहितो त्या पायथनला उणे इंडेक्स, म्हणजे उणे क्रमांक, दिला की तो निमूटपणे शेवटाकडून मोजतो. माझा कोड फाईलच्या शेपटीचा पाऊण सेकंद कापून आणत होता आणि मी तोच गाळत होतो, पुन्हा गाळत होतो. आलेख अगदी स्वच्छ, आणि त्यात काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना १७ हा आकडा डोक्यात आला. ओल्या हातानंच लॅपटॉप उघडला. बेरीज केली, ११२६२५९४६२ आलं, आणि आलेखाच्या बरोबर मधोमध ती वळवळ उभी होती. कामावर गेली कित्येक वर्षं मी टाइमझोनचे बग सोडवतोय, पण एका बगच्या पलीकडं कृष्णविवरं उभी असतील असं कधी वाटलं नव्हतं.

गाळण्याबद्दल. कच्च्या डेटात लहर दिसतच नाही. १० हर्ट्झच्या खाली जमिनीची थरथर सगळं व्यापून टाकते. ६० हर्ट्झला आणि त्याच्या पटींवर उंच सुळके दिसतात, ती अमेरिकेतल्या विजेची गुणगुण. ५०० हर्ट्झच्या आसपास आणखी एक झुबका आहे. तो ४० किलोचे आरसे ज्या बारीक काचेच्या धाग्यांवर टांगलेत त्या धाग्यांचा स्वतःचा सूर, तंबोऱ्याची तार नुसत्या झुळकेनं बोलावी तसा. आधी व्हाइटनिंग केलं, म्हणजे प्रत्येक वारंवारतेचा गोंगाट एका पातळीवर आणला, मग ३५ ते ३५० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला. हे करताना एक गोष्ट मनात पक्की बसली. औंढ्याचा डेटा येईल तेव्हा त्यात विजेचा सुळका ६० वर नसेल, ५० वर असेल. आलेख बघताक्षणी कळेल की हा आपल्याकडचा.

लिव्हिंग्स्टनला लहर आधी पोचली, हॅनफर्डला ६.९ मिलिसेकंदांनी नंतर. माझ्या फाईलच्या हिशोबात २८ नोंदी. एक रेघ २८ घरं सरकवली, दोन्ही वेधशाळांच्या भुजांची दिशा वेगळी म्हणून ती उलटी केली, आणि दुसरीवर ठेवली. बसली. शेवटच्या दहाएक उंचवट्यांत तर एकीखाली दुसरी शोधावी लागत होती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी खुर्ची मागं सरकवून बराच वेळ नुसता बघत राहिलो.

मग आवाज केला. लहर ३५ हर्ट्झपासून अडीचशेच्या घरात चढते, तीही सेकंदाच्या पाचव्या हिश्शात, म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर नीट कळत नाही. हेडफोन लागतो. तोच तुकडा वीस वेळा ओळीनं जोडला आणि ऐकला. त्याला इंग्रजीत चिवचिवाटाचा शब्द वापरतात, पण मला पक्षी आठवला नाही, आणि काय आठवतंय तेही सापडेना. आई पाणी प्यायला उठली होती. तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "घागर भरत आलीय की रे."

हाच तो आवाज. नळाखाली घागर लावली की आधी भदभद, मग पाणी गळ्याशी येऊ लागलं की सूर चढत जातो आणि शेवटी एकदम तुटतो. आईचं माहेर औश्याकडचं. तिनं आयुष्यातली कितीतरी वर्षं पाठ फिरवून, दुसरं काम करत, नुसत्या या चढत्या सुरावरून घागर कधी उचलायची ते ओळखलंय. सांडू द्यायचं नाही, कारण पुढचं पाणी किती दिवसांनी येईल ते माहीत नाही. घागरीत हवेची पोकळी लहान होत जाते म्हणून सूर चढतो. तिकडं दोन विवरांमधलं अंतर कमी होत जातं, फेऱ्या वेगानं होतात, म्हणून चढतो. कारणं वेगळी, पण गोंगाटातून चढता सूर ओळखायचं काम तेच.

आणि लायगोची यंत्रणाही शेवटी तेच करते. लहरीचा आकार कसा असेल ते आधी गणितानं काढायचं, असे हजारो नमुने तयार ठेवायचे आणि डेटावरून एकेक सरकवत न्यायचा. कुठला चपखल बसतो ते बघायचं. या पद्धतीला मॅच्ड फिल्टरिंग म्हणतात. विलीन होणाऱ्या जोड्यांसाठी नमुने कसे निवडायचे, किती दाट ठेवायचे, याचा पाया १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी घातला. तेव्हा पहिली लहर सापडायला अजून २४ वर्षं होती. ज्या आयुकात हे झालं ती उभी करणारे जयंत नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. माझ्या दोन्ही वेडांचा पत्ता एकच निघावा याचा मला फार आनंद आहे.

ऑफिसात माझं काम मॉनिटरिंगचं. पंधरवड्यातून एक आठवडा ऑन-कॉल असतो. रात्री अलर्ट वाजतो तेव्हा पहिला प्रश्न हाच की हे खरं आहे की सेन्सरचा उचकीसारखा झटका. आम्ही दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर तेच दिसतंय का ते बघतो. लायगोही तेच बघते: हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनमधलं ३,००२ किलोमीटर अंतर प्रकाश १० मिलिसेकंदांत कापतो, त्यामुळं दोन्हींकडे तेवढ्या वेळात दिसलं तरच विचार करायचा. हे वाचल्यापासून मी आमच्या एका अलर्टला असाच नियम लावला. त्या आठवड्यात रात्री एकदाही उगाच उठावं लागलं नाही.

आता औंढा. पहाटे सिडको स्टँडवरून नांदेड गाडी धरली. जालना, वाटूर, मंठा, जिंतूर. वाटूरच्या पुढं दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, कापसाची पहिली वेचणी, आणि मध्ये तुरीचे हिरवे पट्टे. खिडकीला डोकं टेकवून कथेच्या दोन पानांवर खुणा केल्या.

आधी नागनाथाला गेलो. नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. नंदी अजून मागच्या बाजूला आहे. या वेळी देवळाला वळसा घालताना वाटलं, ऐकायला आतुर झालेली वास्तू ही कल्पना या मातीत लायगोच्या कितीतरी आधीपासून आहे. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात, इथून जवळ.

तिथून रिक्षानं दुधाळ्याच्या शिवाराकडं. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. आत जायची परवानगी माझ्याकडं नव्हती आणि मागितलीही नव्हती. मला दोनच गोष्टी करायच्या होत्या. पहिली, ४ किलोमीटर चालायचे. लायगोची एक भुजा तेवढी लांब असते. रस्त्यानं फोनवर मोजत चाललो, पाऊण तासाच्या वर लागला. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर लेझरला तेवढं अंतर कापायला त्यातले तेरा लागतात. आणि लहर आली की या ४ किलोमीटरमध्ये फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वाचून हे माहीत होतं. पायांना कळलं ते त्या दिवशी. आणखी एक, ४ किलोमीटरवर पृथ्वीची गोलाई सव्वा मीटर खाली जाते. लेझरची नळी सरळ ठेवायची तर हाही हिशोब जमिनीत धरावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थरथर मोजायची. काळा दगड बघून त्यावर फोन ठेवला, सेन्सरची नोंद चालू केली. शेजारच्या वावरात मळणीयंत्र चालू होतं. तिथले एक मामा टोपीनं घाम पुसत आले.

"मोबाईल दगडावर कामून ठेवलाव?"

म्हटलं, "मामा, जमीन किती हलतीय ते बघायलोय."

त्यांनी यंत्राकडं पाहिलं, मग फोनकडं. "मशीन चालू हाय तवर काय सापडंल तुम्हाला? रात्री या. रात्री दोनला इथं कुत्रं बी भुंकत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "किल्लारीच्या वक्ताला हलली होती. मांडणीवरची भांडी वाजली."

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. आईनंही ती रात्र सांगितलीय, पण ती पूर्ण कधीच सांगत नाही. मामाही तेवढंच बोलून गप्प झाले. मी फोन उचलून त्यांना आलेख दाखवला. मधली चार मिनिटं यंत्र चहासाठी बंद होतं, तिथं रेघ एकदम खाली बसली होती, आणि तिच्यावर एकच उंचवटा होता, लांबच्या रस्त्यानं गेलेल्या एसटीचा. त्याखाली उरली ती फोनच्या सेन्सरचीच कुजबुज. खरी जमीन तिच्याही खाली, याहून खूप शांत.

कथेकडं वळतो. नायिका औंढ्याच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला आहे आणि तिला एक लहर दिसते. मूळ धागा खऱ्या घटनेतून घेतलाय. १६ सप्टेंबर २०१० ला लायगोत मोठा संकेत आला, सगळ्यांनी महिनोन्‌महिने त्यावर काम केलं, शोधनिबंध लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं तर तो संकेत परीक्षेसाठी मुद्दाम पेरलेला होता. फार थोड्यांना ते ठाऊक होतं. माझ्या नायिकेचाही पेच हाच आहे, फक्त तिच्याकडं पाकीट उघडायला वेळ नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी अमेरिकेचा संकेत औंढ्याच्या १०० मिलिसेकंद आधी आणला होता. एका वाचकमित्रानं बोट ठेवलं आणि त्याचं बरोबर होतं. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, पृथ्वीच्या आरपार १२,७४२ किलोमीटर कापायलाही तिला ४२ ते ४३ मिलिसेकंदच लागतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये त्याहून जास्त फरक असूच शकत नाही. आधी आकडा बदलून मोकळा होणार होतो. आता तो १०० चा आकडा तसाच ठेवलाय, आणि तोच तिला सांगतो की हे आकाशातून आलेलं नाही. रात्रीचे दोन वाजलेले आहेत, आणि बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नाहीये.

पुढची फाईल १७ ऑगस्ट २०१७ ची, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची. ही लहर जवळपास १०० सेकंद चालते. लिव्हिंग्स्टनच्या डेटात विलीन होण्याच्या सेकंदभर आधी यंत्राचाच एक मोठा झटका बसलाय, तो आधी अलगद काढावा लागेल. ते कुणी केलं असेल तर खिडकी, म्हणजे कापलेला तुकडा, किती रुंद ठेवली ते कळवा. आईला सांगून ठेवलंय की पुढची घागर भरायला बराच वेळ लागतो.